भिंतीवरचं कॅलेंडर आणि भावाची झोप

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमची वडगावातली गल्ली दुपारपर्यंत उठत नाही. बेळगावची मिरवणूक रात्रभर चालते, घरी आलेली पोरं गुलालासकट आडवी होतात. 2023 च्या गणपतीनंतरच्या अशाच एका सकाळी मी माहेरी होते. सगळीकडे सामसूम, मागांची खडखडही बंद, आणि माझा धाकटा भाऊ एकटाच मंडपाचे बांबू सोडवत होता.

“झोप की रे थोडं,” मी म्हटलं.

“आक्का, झोप कशाला पायजे? काम कित्ती पडलंय!”

मला त्याचं कौतुक वाटलं. त्या दहा-अकरा दिवसांत तो रात्री दोन-दोन तासांवर भागवत होता. वर्गणी, देखावा, महाप्रसाद, सगळीकडे तोच. “कार्यकर्ता असावा तर असा,” लोक आईला सांगायचे आणि आई सुखावायची. बाकीची पोरं थकली, झोपली, परत उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला लागली. हा ऑक्टोबर लागला तरी जागाच होता. मध्यरात्री चार जणांना घेऊन यायचा, “आई, चहा टाक” म्हणायचा. खिशातले चाळीस हजार मंडळाला घालून बसला, तेही आम्हाला मागाहून कळलं. सण संपला आणि सगळे थांबले, हा एकटा थांबला नाही. आजाराची पहिली खूण ती होती. आमच्या घरात ती कुणालाच दिसली नाही, मलाही नाही.

दिवाळीच्या तोंडावर तो एकाएकी विझला. दुसरा शब्द मला सुचत नाही. फाउंड्रीला जाईना, दाढी करीना, चहाचा कप पुढं ठेवला तर त्यावर साय धरायची. पहाटे तीनला जागा व्हायचा आणि उजाडेपर्यंत भिंतीकडं बघत बसायचा. “माझ्यामुळं सगळ्यांचं वाटोळं झालं,” एवढंच बोलायचा. गल्लीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे प्रेमभंग, कोणी म्हणे बाहेरचं. आप्पा म्हणाले, “आळस आहे.”

जानेवारीत आम्ही त्याला एका डॉक्टरांकडं नेलं. ते कन्नड बोलणारे, माणूस चांगला. त्यांनी विचारलं, “बेजार आगतदेनु?” माझी आई चंदगडकडची, तिला कन्नड येत नाही. तिला ‘बेजार’ एवढाच शब्द कळला आणि ती लगेच म्हणाली, “नाही ओ, घरात त्याला कोण बेजार करत नाही, सगळी जपतात.” आपल्या बेजारमध्ये कुणीतरी जेरीला आणलेलं असतं. कन्नडमधला बेजार म्हणजे मन उदास होणं, कशातच जीव न लागणं. डॉक्टरांना काय विचारायचं होतं आणि आईनं काय उत्तर दिलं! मी शेजारी होते म्हणून गाठ सुटली. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर शिकवते, दोन्ही भाषा रोजच्या. पण त्या दिवसापासून माझ्या मनात बसलं की सीमाभागात मनाचा आजार सांगायचा तर तो आधी एका भाषेतून दुसरीत न्यावा लागतो, आणि त्या वाटेवर बरंच काही सांडतं.

डॉक्टरांनी डिप्रेशनचं निदान करून गोळ्या दिल्या. त्यांना मी दोष देत नाही. समोर बसलेला माणूस खरंच डिप्रेशनमध्ये होता. यापूर्वी याच्या उलट काही झालं होतं का, असा प्रश्न त्यांनी केला नाही हे खरं. पण केला असता तरी आम्ही ‘नाही’ म्हणालो असतो, कारण गणपतीतले ते दिवस आमच्या लेखी आजाराचे नव्हतेच.

तीन आठवड्यांत तो ‘बरा’ झाला. हसायला लागला, जेवायला लागला. आईनं मंगाईला नारळ वाढवला. मग रात्री तीनला उठून घर रंगवायला लागला, अर्धी भिंत निळी, अर्धी तशीच. हप्त्यावर तीन मोबाइल आणले. सुपरवायझरला म्हणाला, ही फाउंड्री मीच विकत घेणार आहे. बोलणं असं सुटायचं की एका वाक्यात चार गावं. शेवटी देवळाच्या भोंग्यातून आपलं नाव पुकारतात, असं सांगायला लागला. तेव्हा आईनं देवरुषी गाठला आणि माघी पुनवेला आम्ही त्याला घेऊन सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलो.

डोंगरावर दोन रात्री तो झोपला नाही. भंडारा उधळत, ओरडत, अनोळखी माणसांना पैसे वाटत फिरला. आई म्हणत होती, अंगात आलंय, देवीनं जवळ केलंय. तिथं एक म्हातारी जोगतीण बसली होती. तिनं भावाला समोर बसवलं, त्याचे डोळे बराच वेळ बघितले, हात हातात घेतला. मग आईला म्हणाली, “ह्यो वारा देवीचा न्हवं बाई. देवीचं येतंय आन् जातंय. ह्येचं जाईना झालंय. दवाखान्यात ने.”

माझ्या सांगण्यानं आई तयार झाली नसती. जोगतिणीच्या सांगण्यानं झाली.

सौंदत्तीहून धारवाड जवळ, चाळीसेक किलोमीटर. कर्नाटकच्या एसटीत मला आणि आईला बायकांच्या फुकट प्रवासाच्या शक्ती योजनेचं शून्याचं तिकीट, भावाचं तेवढं पैसे देऊन काढलं. धारवाडचा मानसिक आरोग्याचा सरकारी दवाखाना म्हणजे ‘डिमॅन्स’, मूळचा 1845 सालचा. आमच्या भागात “धारवाडला न्यायला पायजे” हे वाक्य अजून शिवीसारखं वापरतात. फाटकाशी आई थबकली. तिचा पहिला प्रश्न, “बांधून घालत्यात काय?”

नाही घालत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधण्यावर बंदी आहे, आणि भूल दिल्याशिवाय शॉक देण्यावरही. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. भाऊ राहायला तयार नव्हता, “मला काय झालंय?” म्हणून भांडत होता. तेव्हा त्याची प्रतिनिधी म्हणून मी सही केली. दोन जणांनी त्याला वेगवेगळं तपासलं. अशी भरती आधी तीस दिवसांपर्यंतच असते, आणि रुग्ण स्वतः राजी झाला की तो आपल्या सहीनं राहतो, असं सांगितलं. आठव्या दिवशी त्यानं स्वतः सही केली. त्या आठ दिवसांतला बराचसा वेळ तो झोपून होता. सहा महिन्यांची झोप साचली होती जणू.

खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न झोपेचा. “निद्दी ह्यांग ऐत्री?” मग कधीपासून? किती दिवस सलग? मध्ये बरा कधी होता? मला तारखा सांगता येईनात. सगळं एकात एक मिसळलेलं. शेवटी मी बेळगावला परत गेले आणि घरातलं कालनिर्णय काढलं, चालू वर्षाचंही आणि फळीवरच्या कागदाखाली जपून ठेवलेलं मागच्या वर्षाचंही.

आईला लिहिता-वाचता जेमतेम येतं, पण कॅलेंडरवर ती सगळं मांडते. दुधाचे आकडे, गॅस कधी आला, भिशी, आणि भावाच्या रात्रपाळीला ‘रा’. डॉक्टरीणबाईंनी ती पानं टेबलावर पसरली आणि बोट फिरवत गेल्या. ऑगस्टमध्ये रोज एक लिटर. ऑगस्टच्या शेवटी सलग तीन आठवडे ‘रा’. सप्टेंबरच्या मध्यापासून दोन लिटर, कधी अडीच. नोव्हेंबरमध्ये अर्धा. जानेवारीअखेर गोळ्या सुरू, फेब्रुवारीत परत दोन. मध्यरात्रीच्या चहाचं दूध ते! चढ आणि उतार आईनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवला होता आणि आम्ही कोणी तो वाचला नव्हता.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, “घरात आणखी कुणाला असा त्रास होता?” मी तो आईला मराठीत सांगितला. आई एकदम गप्प. मग अगदी हळू, डॉक्टरांना कळू नये म्हणून मान खाली घालून, मला म्हणाली, “काकाचं नको सांगूस. त्येचं कशाला काढूलालीस आता? ह्याचं लगीन व्हायचंय.”

आप्पांचा धाकटा भाऊ. मी चौथीत असताना तो आपल्या हातानं गेला. घरात त्याचं नाव निघत नाही. मला आठवतो तो सगळ्या पोरांना सायकलवर बसवून रात्री फिरवणारा, आणि मग महिनोन्महिने माळ्यावर अंधारात पडून राहणारा. आईनं मला मराठीच्या आडोशाला उभं केलं होतं. मी ‘इल्ल’, म्हणजे नाही, म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. मी आईचा हात धरला आणि कन्नडमध्ये सगळं सांगितलं. आईला शब्द कळले नाहीत, पण मी काय सांगतेय ते कळलं. ती रडली, संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. त्या रात्री मात्र तिनंच काकाचं उरलेलं सगळं सांगितलं, मला माहीत नव्हतं तेही.

निदान झालं बायपोलर विकाराचं. मराठीत द्विध्रुवीय विकार म्हणतात, आईला मी ‘चढ-उताराचा आजार’ म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. उदासी दोन आठवडे किंवा जास्त, रोज, दिवसभर राहिली, झोप-भूक-काम सगळ्याला लागली, की ते नैराश्य. पण त्याच माणसाला कधीही आठवडाभर टिकलेला चढ, म्हणजे उन्माद, येऊन गेला असेल तर आजार दुसरा आणि औषधही दुसरं. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर ती त्याला चढावर ढकलू शकते. आमच्याकडं तेच झालं होतं. मी भोंग्यातल्या आवाजाचं विचारलं, कारण ‘आवाज ऐकू येतात म्हणजे स्किझोफ्रेनिया’ असं मी ऐकून होते. त्या म्हणाल्या, आवाज कधी आले ते बघा. चढाच्या शिखरावर आले आणि चढाबरोबर गेले. स्किझोफ्रेनियात मन चढलेलं किंवा खचलेलं नसतानाही ते येत राहतात, संशय, भास, विचारांची तुटलेली साखळी महिनोन्महिने चालते. एकाच माणसात दोन माणसं वगैरे त्यात काही नसतं.

आमच्या गल्लीत या सगळ्याला एकच शब्द, ‘येडं’. फार तर ‘डोक्यावर परिणाम’ किंवा ‘टेन्शन’. दवाखान्यातल्या एकूण अठरा दिवसांत व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी माझ्या ओळखीची सगळी माणसं मनात परत एकदा बघितली. माझी आत्या उंबरा दिवसातून तीस वेळा धुवायची, हाताची साल निघेपर्यंत. आम्ही म्हणायचो, कडक सोवळं. तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की मला हे करायचं नाही, पण केल्याशिवाय जीव शांत होत नाही. त्याला मंत्रचळ म्हणतात, ओसीडी. विचार आपलाच असतो आणि आपल्यालाच नको असतो. तिला कुणी विचारलंच नाही, उलट पोरं मुद्दाम उंबऱ्यावर पाय देऊन पळायची. त्यांत मीही होते.

माझ्या शाळेतले एक सर छातीत धडधड, घाम, आता मरणार या भीतीनं तीन वेळा ईसीजी काढून आले होते. तिन्ही चांगले. ती पॅनिकची लहर, दहाएक मिनिटांत शिखराला जाते आणि ओसरते. हृदय आधी तपासायचं हे बरोबरच, पण ते ठीक निघाल्यावर “तुम्हाला काही झालेलं नाही” म्हणून घरी पाठवणं बरोबर नाही, कारण झालेलं असतं. आणि बाळंतपणानंतर रडत बसणारी भावकीतली सून, जिला सगळ्यांनी ‘नखरे’ म्हटलं. या प्रत्येकाला वेगळं नाव आहे, वेगळे उपचार आहेत. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मोठ्या माणसांतलं प्रमाण 10.6 टक्के निघालं, म्हणजे दहांत एक. आमच्या गल्लीत चाळीस घरं आहेत. हिशोब करून बघितला आणि गप्प बसले.

भावाला लिथियम सुरू झालं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी 1949 मध्ये उन्मादावर त्याचा गुण दाखवला, तेव्हापासूनचं औषध. साधा क्षार आहे, महागही नाही. पण त्याची रक्तातली पातळी सांभाळावी लागते, साधारण 0.6 ते 1.0. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर. किडनी आणि थायरॉइडही ठरावीक महिन्यांनी तपासायचे. हे सगळं कागदावर कन्नडमध्ये होतं, मी आईसाठी मराठीत लिहून मिसळणाच्या डब्याच्या वर चिकटवलं.

त्या कागदावरची एक ओळ मी नीट लिहिली नव्हती आणि ती आम्हाला महागात पडली. पुढच्या उन्हाळ्यात भाऊ परत फाउंड्रीत होता, भट्टीजवळ. एप्रिल-मेचं ऊन, घामाच्या धारा, त्यात दाढ दुखायला लागली म्हणून त्यानं दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून चार दिवस खाल्ल्या. पाचव्या दिवशी जुलाब, उलटी. हात इतका थरथरायला लागला की पाण्याचा तांब्या धरता येईना. चालताना पाय वेडेवाकडे, जीभ जड. कामावरचे म्हणाले, पिऊन आलाय. रिक्षातून घरी आणून टाकला. मी फोनवर त्याचं बोलणं ऐकलं आणि आईला म्हटलं, आजची गोळी देऊ नको, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या आणि पहिलं वाक्य हेच सांगा की हा लिथियमवर आहे. पातळी 1.8 निघाली. सलाइनवर तीन दिवस काढले. घामानं अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की लिथियम साठतं, आणि आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या ते आणखी वाढवतात. कागदावर आता लाल शाईनं लिहिलंय: पाणी भरपूर, मीठ एकाएकी तोडायचं नाही, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही, जुलाब-उलटी झाली तर लगेच डॉक्टर.

मालकांशी मीच जाऊन बोलले. आजाराचं नाव सांगायचं का, यावर भावाचं आणि माझं दोन दिवस चाललं. त्याचा आजार, त्याचाच अधिकार. शेवटी तो म्हणाला, “सांग, पण माझ्यासमोर सांग.” रात्रपाळी बंद झाली आणि भट्टीवरून त्याला माल पाठवायच्या विभागात घेतलं. पगारात फरक पडला. झोप मोडणं हे या आजाराचं सगळ्यात सोपं दार आहे, आणि त्या ऑगस्टच्या तीन आठवड्यांच्या रात्रपाळीतूनच ते उघडलं असावं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

आता औषध बेळगावातच मिळतं, धारवाडला वर्षातून दोनदा. खेड्यातल्यांसाठी सांगते, कर्नाटकात तालुका दवाखान्यात मंगळवारी मनोविकारांची ओपीडी ठेवायची ‘मनोचैतन्य’ नावाची योजना आहे, आपल्या दवाखान्यात चौकशी करावी. आणि 14416 हा टेली मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर, ऑक्टोबर 2022 पासून सुरू, फुकट, रात्रंदिवस. जीव नकोसा झाल्याचं घरात कुणी बोललं तर सकाळची वाट बघू नका. आमच्या काकाच्या वेळी असा नंबर नव्हता, आणि त्याच्या बोलण्याला आमच्या घरानं उत्तरही दिलं नव्हतं. आणि डॉक्टरांपुढं आपल्याच भाषेत बोला. भाषांतराला घरातलं माणूस लागलंच तर ते काहीही न लपवणारं असू द्या. जमलं तर रुग्णाला डॉक्टरांसमोर थोडा वेळ एकट्यालाही बसू द्या, घरच्यांपुढं सगळं सांगता येत नाही.

सौंदत्तीला आम्ही अजून जातो. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, देवीला जा, गोळीचा डबा पिशवीत ठेवा. त्या जोगतिणीला आई दरवेळी शोधते. परत भेट झालेली नाही.

गेल्या विसर्जनाला भाऊ संध्याकाळी सातला मिरवणुकीत गेला. मी खिडकीत होते, आई दारात. दोघी एकमेकींना न सांगता घड्याळ बघत होतो. अकराला तो आला, गुलाल धुतला, गोळी घेतली. ढोल अजून जोरात वाजत होते. त्यानं खिडकी लावून घेतली. सकाळी मी उठले तेव्हा तो भिंतीपाशी उभा होता. दुधाच्या आकड्याच्या खाली, आईच्या पेन्सिलीनं, त्यानं चौकटीत लिहिलं: 7.